बिननंबरी जाळी

१

“थालीपीठ आहे की चपलेचा तळ?” विजयराव ताटाकडे बघत पुटपुटले. शेजारी बसलेल्या कालिंदीला ऐकू जावं आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या बायकोला जाऊ नये, अशा बेताने. पण पस्तीस वर्षांच्या संसारात बायकांच्या पाठीलाही कान फुटतात.

“काय म्हणालात?” शारदावहिनींचं उलथनं थांबलं.

“काही नाही. चिवट आहे म्हटलं.”

“कालिंदी, तू सांग गं. यांना काय, गेले चार महिने माझ्या हातचं काहीच गोड लागत नाही.”

कालिंदी दिवेकरने थालीपिठाचा तुकडा मोडायला घेतला. तो मोडेना. ओढला तर लांबला. रविवारी मंडळाच्या हिवाळी मेळाव्यात शारदा खांबेटे यांच्या थालीपिठांचा स्टॉल लागायचा होता, आणि आज बुधवारी चव बघायला म्हणून तिला मुद्दाम बागबाजारहून डमडमला बोलावलं होतं. खोटं बोलावं की दात तुटू द्यावा, असा प्रसंग होता.

“वहिनी, नेहमीसारखं नाही झालं,” ती म्हणाली.

शारदावहिनींनी डब्यातली चिमूटभर भाजणी बोटांत चोळली. त्यांचा चेहरा बदलला. थालीपिठाची भाजणी कशी रवाळ लागते, बोटाला टोचते. ही गालाला लावायच्या पावडरीसारखी होती. आठ किलो. धणेजिऱ्यासकट भाजून, निवडून, दळून झालेली आठ किलो भाजणी.

त्या तरातरा मागच्या बाल्कनीत गेल्या. तिथे त्यांची घरघंटी उभी होती. विजयरावांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा पुण्याहून सामानाबरोबर आलेली, लहान कपाटाएवढी, घरातल्या घरात पीठ दळायची चक्की. वहिनींनी दार उघडलं, आतलं झाकण फिरवलं आणि जाळी ओढून काढली. कमानीसारखी वाकवलेली स्टीलची पातळ पट्टी. जशी तिची भोकं, तसं पीठ जाड किंवा बारीक.

जाळी त्यांनी उजेडात धरली. प्रत्येक जाळीच्या कोपऱ्यात नंबर ठोकलेला असतो. हिच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं.

“ही आमची नाही,” त्या म्हणाल्या, आणि वळून सुनेकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, “शौनक, तुझ्या बायकोला विचार, माझी चार नंबरची जाळी कुठे टाकली.”

नूपुरने हातातलं ताट खाली ठेवलं. त्याचा आवाज झाला. त्या घरात त्या दिवशीचं तेच शेवटचं साधं वाक्य होतं. पुढचा अर्धा तास नुसती तोफ चालली.

कालिंदी मात्र विजयरावांच्या ताटाकडे बघत होती. थालीपिठाच्या मधल्या भोकावर लोण्याचा गोळा होता तसाच बसलेला होता.

२

कालिंदीचं चांदनी बाजारात, एस्प्लनेडच्या गर्दीला पाठ लावून, एक चिमुकलं दुकान होतं. वडिलांकडून आलेलं. मिक्सरचे कपलर, कुकरच्या शिट्ट्या, गीझरचे थर्मोस्टॅट. लोक रुमालात गुंडाळलेला एखादा तुकडा घेऊन येत आणि विचारत, “दीदी, हे कशाचं?” ती तुकडा उलटा करी, वास घेई, नखाने खरवडी, आणि सांगे. शिकवलं कुणी नव्हतं. तीस वर्षं नुसतं बघितलं होतं. मराठ्यांना अडवायला खणलेल्या खंदकाच्या तोंडाशी तिचं घर, त्यामुळे शेजारचे बोसबाबू तिला अजून लाडाने ‘बर्गी’, म्हणजे लुटायला आलेला मराठा घोडेस्वार, म्हणत. लूट करायची सोडून ही बर्गीण लोकांचे मिक्सर जुळवत बसली होती.

“जाळी माझ्याकडे द्या,” ती म्हणाली. “कशाची आहे, कुणी आणली, सांगते.”

“तुम्ही आपले स्क्रू विका,” विजयराव खेकसले. “आमच्या घरात डिटेक्टिव्हगिरी नको.”

“मला हवी आहे,” शौनक म्हणाला. “मावशी, तुमच्या बागबाजारातच दोन खोल्या बघून ठेवल्यात आम्ही. रविवारी सकाळी टेम्पो येतोय. जायचं तर जाऊ. पण माझी बायको चोर ठरून जाणार नाही.”

म्हणजे हातात चार दिवस होते. एवढ्यात जाळीचा माणूस सापडला नाही, तर हे घर फुटणार होतं आणि नूपुरच्या कपाळावरचा डाग तसाच राहणार होता. रोजच्या भांडणांनी ते नाहीतरी तडकलंच होतं. जाळी फक्त निमित्त.

तिने आधी वहिनींना गाठलं.

“चार नंबरची कायम लावलेली असते. ती काढायची नाही, असा माझा नियम आहे,” वहिनी म्हणाल्या. “काल मंडळाच्या मीटिंगहून आले, भाजलेलं धान्य तिच्यापुढे ठेवलं, म्हटलं दळून टाक. एवढंच काम. त्यात हा सूड.”

“सूड कशाचा?”

“चार लोकांत माझं नाक कापायचा. आणि ती मंडळातली विनीता! तिला स्टॉल हवाच होता. शनिवारी इथे ज्वारी दळायला आली होती. दोघींचं संगनमत असेल.”

विनीताबाईंना फोन लावला तर त्या अशा फणकारल्या की कालिंदीने फोन कानापासून वीतभर लांब धरला. “शारदेला म्हणावं, मला जाळ्या चोरायला वेळ नाही! शनिवारी माझी ज्वारी उत्तम रवाळ निघाली. जाळी तेव्हा जागच्या जागी होती. घरात ती नव्हती, तिचे यजमान होते. मशीन कोमट होती, मी विचारलं, आत्ताच कुणी दळलं का? तर म्हणे, तुम्हाला काय करायचंय. असल्या घरी मी परत पाऊल ठेवणार नाही!”

नूपुर बाल्कनीत उभी होती. कोलकात्यातच वाढलेली मराठी मुलगी. रागावली की तिची मराठी अडखळायची, आणि गेले चार महिने ती अडखळतच बोलत होती.

“मावशी, मी त्या जाळीला हात पण नाही लावला. धान्य वरून टाकलं, बटण दाबलं. पीठ गरम येत होतं आणि डबल टाइम लागला. मला वाटलं, मशीन म्हातारी झाली.”

“आईंना सांगितलं नाहीस?”

“आई माझ्याशी डायरेक्ट बोलतात कुठे? ‘तिला सांग’, ‘तिला विचार.’ मी पण मग सोडून दिलं. आणि बाबा बोलले होते, आज नको दळू, उद्या दळ. आई बोलल्या, आजच. मग त्यांचं भांडण झालं.”

“रोज होतं का?”

“रोज! ताट समोर आलं की सुरू. मीठ नाही, भाकरी कडक, भाजी कच्ची. मग बाबा ताट ढकलून उठतात. आईंना वाटतं, मी भाजी बिघडवते म्हणून. मला वाटतं, आई मुद्दाम माझ्या वाटणीची भाजी त्यांना वाढतात म्हणून.”

“सकाळच्या चहाला होतं भांडण?”

नूपुरने आठवून पाहिलं. “चहाला? नाही. चहाला कधी नाही.”

खाली उतरताना शौनक जिन्यापर्यंत आला. “मावशी, बाबांकडे लक्ष देऊ नका. सकाळचं चालणं वाढवलंय ना, थकतात, चिडतात. बारीकही झालेत किती.”

कालिंदीने मागे वळून पाहिलं. विजयराव दारात उभे होते, ती खरंच जाते आहे ना हे बघायला. पट्ट्याचं टोक कमरेला अर्धा वळसा घालून मागे खोचलेलं होतं.

ट्रेनमध्ये बसल्यावर तिने पिशवीतली जाळी काढली आणि कडेवरून अंगठा फिरवला. कापेल म्हणून हलकेच फिरवला होता. पण कड गुळगुळीत होती. कुणीतरी कानशीने निगुतीने घासलेली. आणि मधला भाग आरशासारखा चकचकीत झाला होता, धान्य आपटून आपटून.

वैरी कडा घासत बसत नाही. आणि एका दिवसाच्या दळणाने स्टीलला अशी चमक येत नाही.

म्हणजे ही जाळी काल पहिल्यांदा बसलेली नव्हती. कित्येक आठवडे ती त्या घरघंटीत बसत होती आणि निघत होती, आणि घरधनिणीला पत्ता नव्हता.

३

गुरुवार ग्राहकांनी खाल्ला. शुक्रवारी दुपारी तिने शटर अर्धं ओढलं आणि मागच्या गल्लीत श्यामसुंदरकडे गेली. तो पत्र्याला भोकं पाडण्यात आणि चाळण्या बसवण्यात मुरलेला माणूस. घरघंटी नावाची वस्तू कोलकात्यात फारशी कुणी बघितलेली नसते, इथे आटा पाकिटातून येतो. पण जाळी ती जाळी.

त्याने ती नुसती हातात घेतली आणि हसला. “दीदी, ही तर माझीच. कविराजी, म्हणजे वैद्यांच्या औषधांचं चूर्ण करणारे नेतात, तो पत्रा आहे. पिठाला इतका बारीक कुणी लावत नाही. मी त्यांना म्हटलंही, मोटर तापेल. म्हणाले, तापू दे.”

“कोण म्हणाले?”

“नाव नाही विचारलं. भद्रलोक होते. मफलर, तोंडाला मास्क. थंडीतली धूळ, सगळेच लावतात.”

“तरुण की वयस्क?”

“मफलरमध्ये सगळे म्हातारेच दिसतात, दीदी.” त्याने खांदे उडवले. “कड मात्र हट्टाने घासून घेतली. म्हणाले, घरात बायका आहेत, कुणाचं बोट कापायला नको. तास लागला. मी चहा मागवला, बिस्किट दिलं. चहा गार करून करून अर्धा प्यायले. बिस्किट खिशात टाकलं.”

“मास्क होता ना. खिशातच टाकणार.”

“चहाला मास्क काढलाच होता की. मी भट्टीकडे वळलो होतो, त्यांचं तोंड नाही बघितलं.” तो उठला आणि खिळ्याला अडकवलेल्या तारेतून कागद काढू लागला. गिऱ्हाईक नमुना आणतं, तो कागद तो कधी फेकत नसे. “हा घ्या त्यांचा माप काढलेला कागद.”

कागदावर जाळीची आकृती पेन्सिलीने नेटकी उतरवलेली होती. कालिंदीने तो उलटला. मराठी कॅलेंडरचं पान. ऑक्टोबर. संकष्टीला लाल गोल, आणि एका चौकोनात तिरप्या अक्षरात लिहिलेलं, ‘नवा गॅस लावला.’

ते अक्षर ती ओळखत होती, शारदावहिनींचं. तिच्या घरी लोणच्याच्या मसाल्याची कृती त्याच अक्षरात डब्याच्या झाकणाला चिकटवलेली होती. आणि शारदावहिनी कॅलेंडरची पानं फाडत नसत. मागे उलटवून ठेवत.

म्हणजे विनीताबाई सुटल्या. नूपुरही सुटली, श्यामसुंदरकडे आलेला पुरुष होता. उरले बाप आणि लेक.

“कामाच्या माणसाला एकदा बघितलं की पुरतं,” श्यामसुंदर हातोडी उचलत म्हणाला, “पण हे सोमवारी पुन्हा आले होते.”

“जाळी तुटली होती?”

“नाही. म्हणाले, ही आता जाड पडते. याहून बारीक करून मिळेल का?”

कालिंदीचा हात कागदावर होता तिथेच थांबला. आत्तापर्यंत तिला वस्तू कळली होती आणि माणूसही जवळजवळ कळला होता. आता कारण कळलं, आणि तिला वाटलं, हे कोडं आपण सोडवायला नको होतं.

४

शनिवारी दुपारी खांबेट्यांच्या घरात अर्धी खोकी बांधून झाली होती. कालिंदीने वहिनींना फोनवर सांगितलं होतं, जुन्या भाजणीची उरलीसुरली चार थालीपिठं लावा, सगळ्यांनी एकत्र बसू. सगळे बसले, पण कोर्टात बसावं तसे.

“चोर सापडला?” वहिनींनी विचारलं. नजर नूपुरच्या बांगड्यांवर.

“चोरी झालीच नाही, वहिनी.” कालिंदीने जाळी टेबलावर ठेवली. “कड बघा, घासलेली आहे. कुणाचं बोट कापू नये म्हणून. मधे चमक बघा. निदान महिना-दीड महिना वापरात आहे. तुम्ही दर मंगळवारी आणि शनिवारी मंडळात जाता. तेवढ्या वेळात कुणीतरी चार नंबरची काढतं, ही बसवतं, आपल्यापुरतं मूठ-दोन मुठी दळतं आणि चार नंबरची परत बसवतं. गेल्या शनिवारी विनीताबाई आल्या तेव्हा जाळी बदलून झाली होती, पण मशीन कोमट होती. मंगळवारी मात्र तुमची मीटिंग लवकर संपली. जाळी परत बदलायला वेळ मिळाला नाही. त्याने सांगूनही पाहिलं, आज दळू नका, उद्या दळा. तुम्ही ऐकलं नाहीत.”

नूपुरने झटकन मान वर केली.

शौनकने आईकडे पाहिलं, मग आपल्याच हातांकडे. “मावशी, मी मंगळवारी ऑफिसात होतो.”

“ठाऊक आहे. आणि बुधवारी या टेबलावर एका माणसाने थालीपिठाला चिवट म्हटलं, तेव्हा कुणीच तुकडा मोडला नव्हता. त्यानेही नाही. त्याच्या ताटातलं लोणीसुद्धा हललं नव्हतं. न खाता ज्याला चव कळली, त्याला आत कुठली जाळी आहे ते माहीत होतं.”

खिडकीतल्या वाऱ्याने कॅलेंडर फडफडलं. ऑक्टोबरच्या जागी फाटकी कड दिसत होती.

“हो, मी केली!” विजयरावांनी टेबलावर मूठ आपटली. “माझं घर, माझी घरघंटी. कुणाच्या बापाची परवानगी लागते? मला सातू बारीक लागतो. आवड आहे माझी.” ते उठले, कपाटातून ‘इन्कम टॅक्स’ लिहिलेली फाईल काढली आणि तिच्या पोटातून चार नंबरची जाळी ओढून टेबलावर फेकली. “घ्या! मिटलं?”

“बाबा,” शौनकचा आवाज फाटला, “चार दिवस ही रडते आहे. आई तिला चोर म्हणते आहे. आणि जाळी तुमच्या फाईलमध्ये?”

“मग जा ना! टेम्पो सांगितलाय ना? जा!”

“आवडीचं होतं तर लपवलं कशाला बाबा?” नूपुरने विचारलं. तिने आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते लागलं. “मी करून दिला असता ना सातू.”

विजयराव तिच्याकडे बघत राहिले. मग नेहमीसारखे ताटाकडे वळले. “आणि हे थालीपीठ! करपलंय. या घरात एक दिवस धड...” त्यांनी ताट ढकललं आणि खुर्ची मागे सारली.

“एक घास खाऊन मग उठा, विजयराव,” कालिंदी म्हणाली. “एकच.”

बोलून गेल्यावर तिला आपलीच लाज वाटली. पण शब्द टेबलावर पडला होता.

रोज या क्षणी कुणीतरी प्रत्युत्तर द्यायचं. शारदावहिनी म्हणायच्या, माझ्या हाताला आता चव राहिली नाही. शौनक म्हणायचा, पुरे झालं बाबा. त्या गदारोळात विजयराव उठून जायचे आणि ताट तसंच राहायचं. आज कुणीच काही बोललं नाही. भांडायला कुणी मिळालं नाही तर माणूस किती उघडा पडतो! त्यांनी खाली बसून थालीपिठाचा एक तुकडा मोडला. खरपूस, कुरकुरीत मोडला तो. तोंडापाशी नेला. तिथेच धरला. सदऱ्याच्या गळ्यातून मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती.

शौनकला पट्टा आठवला असावा; तो एकदम खाली बघू लागला. नूपुरला आठवला असावा विजयरावांच्या खोलीतला थर्मास, जो ते तिला कधी घासू देत नसत. कालिंदीला आठवत होतं खिशात टाकलेलं बिस्किट. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता, आणि प्रत्येकाने तो रुमालात गुंडाळून ठेवला होता. कुणीही दुकानात आणून विचारलं नव्हतं, हे कशाचं?

कालिंदीला ते सांगता आलं असतं. पण काही गोष्टी बाहेरच्याने बोलायच्या नसतात. त्या घराच्या तोंडून निघाव्या लागतात.

शारदावहिनी उठल्या. नवऱ्याच्या बोटांतून तो तुकडा त्यांनी काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तसा. ताट उचललं. ओट्यावर त्या ‘वाया गेलेल्या’ भाजणीचा डबा होता. त्यातल्या दोन मुठी त्यांनी पातेल्यात घेतल्या, पाणी घातलं, चिमूटभर मीठ, आणि गॅसवर ढवळत राहिल्या. कुणाकडे पाठ करून माणूस इतका वेळ ढवळतो, तेव्हा त्याला बघायचं नसतं, बोलायचं असतं.

“जाळी मी बुधवारीच ओळखली होती,” त्या पातेल्याला म्हणाल्या. “ती बाल्कनीत उजेडात धरली ना, तेव्हाच. कड अशी घासून घेणारा या घरात एकच माणूस आहे. मला विचारायचं नव्हतं, का केलीत म्हणून. उत्तर आलं असतं तर? त्यापेक्षा दुसऱ्या कुणावर ओरडणं सोपं होतं.”

“शारदा,” विजयराव म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, आणि तो आवाज त्या घराने किती दिवसांत ऐकला नव्हता.

पेज गाळून त्यांनी वाटीत घेतली. फुंकर घातली. वाटी नवऱ्यापुढे ठेवली, चमचा उजव्या हाताला. मग पदराला हात पुसत त्या वळल्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा शौनकला मधे न घालता, सुनेच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

“नूपुर, बाबांना गिळता येत नाही गं.”